बटाटा मूळ की खोड? जागा बघू नका, डोळे शोधा

प्रश्न असा आला आहे: "मुलगी पाचवीत आहे. 'आपण वनस्पतींचे कोणते भाग खातो' असा तक्ता शाळेत करायचा होता. बटाटा, कांदा, आलं आणि रताळं हे चारही जमिनीखाली असतात म्हणून मी 'मूळ' या रकान्यात लिहायला सांगितले. बाईंनी रताळं सोडून बाकी तिन्ही चुकीचे ठरवले. टोमॅटो आणि काकडी 'फळ'मध्ये हवेत असंही म्हणाल्या. आता मुलगी मला विचारते की ओळखायचं कसं. घरच्या घरी करता येईल अशी काही पक्की रीत आहे का?"

ताई, रीत आहे, आणि ती शिकायला एक सुरी, एक भिंग आणि अर्धा तास पुरतो. बाईंचं बरोबर आहे. पण तुमची चूकही फार जणांची होते. मी तीस वर्षांहून अधिक काळ वनस्पतिशास्त्र शिकवते आहे आणि पदवीच्या पहिल्या वर्षालाही बटाट्याला "मूळ" म्हणणारी मुलं दरवर्षी भेटतात. जमिनीखाली ते मूळ, जमिनीवर ते खोड, हिरवं ते पान, गोड ते फळ, अशी खूणगाठ लहानपणीच बसते आणि नंतर सुटता सुटत नाही. वनस्पतीचा भाग कुठला हे त्याची घडण सांगते. तो जमिनीच्या वर आहे की खाली, कोणत्या रंगाचा आहे, चवीला कसा आहे, यावर ते ठरत नाही.

एक बटाटा आणि एक रताळं शेजारी ठेवा. बटाट्यावर खळगे दिसतील, त्यांना आपण डोळे म्हणतो. भिंगातून बघा, प्रत्येक डोळ्याच्या कडेला भुवईसारखी एक बारीक रेघ असते. तिथे एक इवलंसं खवल्यासारखं पान होतं, त्याची ती खूण. आणि त्या पानाच्या बगलेत जी बारीक टोकं दिसतात त्या कळ्या. पान आणि पानाच्या बगलेत कळी, ही जोडी फक्त खोडावरच असते. मुळावर ती कधीच नसते. जिथून पान फुटतं ते पेर, आणि दोन पेरांमधलं ते कांडं. म्हणजे बटाट्याचा डोळा म्हणजे पेर आणि दोन डोळ्यांमधला गुळगुळीत भाग म्हणजे कांडं, फक्त फुगून आखूड झालेलं. ऊस लावणारा शेतकरी टिपरीवर किती डोळे आहेत ते मोजतो. तो डोळा आणि बटाट्याचा डोळा ही एकच गोष्ट आहे. भाषेने हे नातं आधीच ओळखलं आहे.

मुलीला अजून एक करायला सांगा. बटाट्याच्या प्रत्येक डोळ्यात एक टाचणी टोचायची आणि झाडाला चिकटलेल्या टोकापासून सुरुवात करून टाचण्यांवरून दोरा गुंडाळत जायचं. दोरा गोल फिरत, जिन्यासारखा वर जातो. पानं खोडावर जशी वळसा घेत लागतात तशीच ही मांडणी. दुसऱ्या टोकाला डोळे दाटीने जमलेले असतात, कारण तो खोडाचा शेंडा आहे. जमिनीतल्या आडव्या फांदीचं टोक फुगून बटाटा तयार होतो, हे हातात धरून समजतं.

आता रताळं. त्याच्यावर डोळे शोधून सापडणार नाहीत, भुवया नाहीत, पेरं नाहीत. बारीक तंतुमुळं किंवा ती तुटल्याच्या खुणा तेवढ्या दिसतील. रताळ्यालाही कोंब येतात, त्यामुळे इथे गोंधळ होतो. पण ते कोंब पानाच्या बगलेतून येत नाहीत. मुळाच्या आतल्या पेशींतून ते नव्याने घडतात, बहुतेक वेलाकडच्या टोकाला. म्हणून "कोंब येतो का" हा प्रश्न पुरेसा नाही. "कोंब पानाच्या खुणेशेजारी येतो का" असं विचारायचं.

जाता जाता बटाट्याबद्दल एक काळजीची गोष्ट. बटाटा उजेडात राहिला की हिरवा पडतो, कारण तो खोड आहे आणि उजेडात त्याच्यात हरितद्रव्य तयार होतं. हरितद्रव्य निरुपद्रवी आहे, पण त्याच वेळी सोलॅनिन नावाचं विषारी द्रव्यही वाढतं, आणि ते उकळून जात नाही. हिरवा भाग आणि कोंब खोलवर कापून टाका. बराच हिरवा झालेला किंवा कडू लागणारा बटाटा सरळ फेकून द्या.

मुळाचं काम काय, हे एकदा नीट समजलं की बाकीचं सोपं होतं. झाडाला धरून ठेवणं आणि पाणी व क्षार शोषणं, ही दोन कामं तुमच्या मुलीला पाठ असतील. शोषण सगळं मूळ करत नाही. टोकाच्या जरा मागे असलेल्या नाजूक मूलरोमांच्या पट्ट्यातच ते मुख्यतः होतं. म्हणून रोप उपटून लावलं की ते काही दिवस माना टाकतं: जाड मुळं शाबूत असतात, पण मूलरोम तुटलेले असतात. पण मूळ माती "खातं" हा समज मात्र खोटा. सतराव्या शतकातला शास्त्रज्ञ यान बाप्टिस्टा व्हॅन हेल्मोंट याने सुमारे 90 किलो कोरड्या मातीत सव्वादोन किलोचं विलोचं रोप लावलं आणि पाच वर्षं फक्त पाणी घातलं. झाड 76 किलोच्या पुढे गेलं, माती कमी झाली ती जेमतेम 57 ग्रॅम. हा प्रयोग 1648 मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर, छापला गेला. सगळं झाड पाण्यापासून बनलं असा निष्कर्ष त्याने काढला, तो अर्धाच खरा होता. उरलेला अर्धा हिस्सा हवेतल्या कार्बन डायऑक्साइडचा, आणि तो पकडणारं पान. पानात साखर बनते, रसवाहिन्यांतून खाली उतरते आणि काही झाडांत मुळाशी साठते.

का साठते? गाजर घ्या. गाजराचं झाड साधारण दोन वर्षं जगतं. पहिल्या वर्षी ते पानं काढतं आणि मिळेल ती साखर मुळात भरून ठेवतं. दुसऱ्या वर्षी त्या शिदोरीवर उंच दांडा काढून फुलतं, बिया धरतं आणि मरतं. फुलावर आलेलं गाजर कापून बघा, आतला भाग लाकडासारखा झालेला असतो. आपण पहिल्या वर्षीच, शिदोरी भरलेली पण न उघडलेली असताना, गाजर उपटतो. बीटचंही तसंच, आणि बीटच्या आडव्या कापावर जी वर्तुळं दिसतात ती साठवणाऱ्या पेशींची आणि वाहिन्यांची एकाआड एक वलयं आहेत. मुळा तर नावातच मूळ घेऊन आला आहे, जरी काटेकोर पाहिलं तर त्याचा वरचा थोडा भाग मूळ आणि खोड यांच्या सांध्यातला असतो. पाचवीच्या तक्त्यात त्याला "मूळ" म्हणायला हरकत नाही.

ही शिदोरीची कल्पना मुलीच्या मनात पक्की करा, कारण आपण जे पोट भरायला खातो ते जवळजवळ सगळं झाडाने स्वतःच्या पुढच्या दिवसांसाठी राखून ठेवलेलं असतं.

आता आलं. त्याच्या सालीवर आडव्या कड्या दिसतात. प्रत्येक कडी म्हणजे गळून गेलेल्या खवल्यासारख्या पानाची खूण, म्हणजे पुन्हा पेर. कडीशी एखादा फुगीर कोंबही दिसेल. म्हणून आलं आणि हळद ही जमिनीत आडवी वाढणारी खोडं. सुरण आणि अरवी यांवरही अशाच कड्या असतात. आपल्याकडे "कंदमुळं" असा जोडशब्द आहे. कंद वेगळा आणि मूळ वेगळं, हे त्या शब्दातच आहे. आपणच ते एका दमात म्हणून एक करून टाकलं.

कांदा मात्र मला सगळ्यात आवडतो. तो उभा चिरा, मुळांच्या टोकापासून शेंड्यापर्यंत. तळाशी एक चपटी, कडक चकती दिसेल. ते कांद्याचं खोड. चकतीच्या खालून तंतुमुळं निघतात, हीच त्याची खरी मुळं. चकतीच्या वर एकात एक बसलेले जे पापुद्रे आपण खातो, ते पानांचे फुगलेले तळ. त्याच पानांचा वरचा हिरवा, पोकळ भाग म्हणजे कांद्याची पात. बरोबर मध्ये हिरवट कळी असते, पुढच्या वाढीचा शेंडा. म्हणून कांद्यापुढे काय लिहायचं? शाळेच्या पुस्तकांत बहुधा "जमिनीखालचं खोड" असतं, आणि संपूर्ण कांदा एक फांदी आहे या अर्थाने ते चालतं. पण आपण जे चावतो ते पान आहे. मी तुमच्या मुलीची शिक्षिका असते तर "आखूड खोड आणि त्यावरची मांसल पानं" या उत्तराला पूर्ण गुण दिले असते. लसणाची पाकळी ही चकतीवरच्या पानाच्या बगलेतली एकेक कळी असते, म्हणून एकेक पाकळी लावली की एकेक झाड येतं.

आणि जमिनीखाली फळही असतं. भुईमुगाचं फूल जमिनीच्या वर येतं. फुलाचा जो भाग पुढे फळ होतो तो अंडाशय. फलन झालं की त्याच्या खालचा भाग लांबत जातो, खाली वळतो आणि मातीत घुसतो. शेतकरी त्याला आऱ्या सुटणं म्हणतात. शेंग त्या आरीच्या टोकाला, अंधारात वाढते. शेंग म्हणजे फळ, दाणा म्हणजे बी. "जमिनीखाली ते मूळ" हा नियम इथे पूर्ण मोडतो.

पानांचं थोडक्यात सांगते. पान हा अन्नाचा कारखाना आहे, कोठार नाही. दिवसभरात बनलेलं पिष्ट बरंचसं रात्रीत साखर होऊन दुसरीकडे रवाना होतं. म्हणून पालक, मेथी, माठ यांनी पोट भरत नाही, त्यांच्यात शिदोरी नसते. पण काम चालू असलेल्या कारखान्यात लागणारी सामग्री, म्हणजे क्षार, फोलेट, क जीवनसत्त्व, जीवनसत्त्व अ ज्यापासून बनतं ते कॅरोटीन, ही तिथेच सापडते. सेलरीचा दांडा मुलांना खोड वाटतो, तो पानाचा देठ आहे. केळीचं "खोड"ही फसवं: ते एकमेकांत घट्ट गुंडाळलेल्या पानांच्या तळांचं, म्हणजे सोपटांचं बनलेलं असतं. खरं खोड जमिनीत असतं आणि घड धरायच्या वेळी त्या गुंडाळीतून वर येतं.

एका वनस्पतीकडे मात्र थोडा वेळ थांबा. कोबी, फ्लॉवर, ब्रोकोली, नवलकोल, केल आणि ब्रसेल्स स्प्राउट हे सगळे एकाच जातीचे आहेत, ब्रासिका ओलेरासिया. माणसाने पिढ्यानपिढ्या निवडून निवडून एकेका भागाला फुगवलं. शेंड्याची कळी अवाढव्य झाली तो कोबी. तो उभा कापलात तर मध्ये आखूड खोड आणि त्याच्यावर दाटीने बसलेली पानं दिसतील, पानांच्या बगलेत छोट्या कळ्याही. त्या बगलेतल्या कळ्या मोठ्या केल्या ते ब्रसेल्स स्प्राउट. खोड फुगवलं तो नवलकोल, आणि तो जमिनीच्या वर असूनही मुलं त्याला मुळा-बीटच्या रांगेत बसवतात. त्याच्यावरचे पानांचे वण बघितले की शंका राहत नाही. पानंच खायची ती केल. ब्रोकोलीत आपण न उमललेल्या कळ्यांचा फुलोरा देठांसकट खातो. फ्लॉवरमध्ये त्याहून आधीची अवस्था, फुलोऱ्याची असंख्य टोकं, जिथे कळ्याही अजून नीट घडलेल्या नसतात. तक्त्यात दोन्ही "फूल" या रकान्यात जातील. ही सहा नावं एका ओळीत मांडून मुलीला दाखवता आली तर जरूर दाखवा. वनस्पतीचे भाग ओळखायला याहून चांगला धडा मला माहीत नाही.

फुलांपैकी लवंग घरात असेल. ती न उमललेली कळी आहे. कोमट पाण्यात भिजत घाला आणि टाचणीने उघडा: चार दात म्हणजे निदलं (कळीला बाहेरून झाकणारे भाग), वरची गोळी म्हणजे मिटलेल्या पाकळ्या, आत गुंडाळलेले पुंकेसर. केशर म्हणजे फुलातली कुक्षी (परागकण झेलणारं टोक), एका फुलात तीनच तंतू. म्हणून इतक्या फुलांतून इतकं थोडं केशर निघतं.

टोमॅटोकडे येते. फुलातला अंडाशय वाढून बनतं ते फळ, आणि अंडाशयातली बीजांडं वाढून बनतात त्या बिया. टोमॅटोच्या डोक्यावरची हिरवी चांदणी ही फुलाची निदलं आहेत. काकडीच्या एका टोकाला देठ असतो, दुसऱ्या टोकाला वाळलेल्या फुलाची खूण. कोवळ्या काकडीवर तर सुकलेलं फूल अजून चिकटलेलं असतं. वांगं, भेंडी, मिरची, दुधी, भोपळा, घेवड्याची शेंग, सगळी फळं. "भाजी" हा शब्द स्वयंपाकघराचा आहे, वनस्पतिशास्त्रात तो नाहीच. म्हणून "टोमॅटो फळ की भाजी" या प्रश्नात दोन वेगळ्या जगांतले शब्द एकमेकांसमोर उभे केलेले असतात. आयात करासाठी अमेरिकेत हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि 1893 मध्ये न्यायालयाने टोमॅटोला भाजी ठरवलं, कारण लोक तो जेवणात भाजीसारखा वापरतात. वनस्पतिशास्त्रानुसार तो फळ आहे हे न्यायालयानेही नाकारलं नाही.

फळाची व्याख्या हातात आली की नेहमीच्या फळांकडे पुन्हा बघावंसं वाटतं. सफरचंदाचा जो मध्य आपण फेकतो तोच खऱ्या अर्थाने अंडाशयातून आलेला आहे. गर आला तो अंडाशयाला वेढणाऱ्या फुलाच्या भागातून. स्ट्रॉबेरीवर ज्या "बिया" दिसतात ती एकेक फळं आहेत, आणि लाल गर म्हणजे फुलाचा फुगलेला आधार. काजूचं बोंड हा फुगलेला देठ, फळ म्हणजे खाली लटकणारी ती करडी बी, आणि आपण खातो तो काजूगर ही तिच्या आतली खरी बी. डाळिंबात आपण बियांचं रसाळ झालेलं बाह्यकवच खातो. नारळाचं पाणी हा बीच्या आतला द्रवरूप भ्रूणपोष (अंकुरासाठी साठवलेलं अन्न), आणि खोबरं हा त्याचाच घट्ट झालेला भाग.

बियांमध्ये शिदोरी सगळ्यात दाट भरलेली असते, कारण अंकुराला पहिली पानं हिरवी होईपर्यंत तिच्यावरच जगायचं असतं. भिजवलेला हरभरा सोला: दोन जाड दलं आणि त्यांच्या मध्ये टोकाशी इवलासा कोंब. दलं ही त्या रोपाची पहिली पानं, पिष्ट आणि प्रथिनांनी भरलेली. डाळ म्हणजे साल काढून वेगळी केलेली ही दलं. गहू, तांदूळ, ज्वारी, मका यांचा दाणा मात्र काटेकोरपणे बी नाही, फळ आहे. त्याची फळाची साल बीच्या सालीला इतकी चिकटलेली असते की वेगळी करता येत नाही. बाहेरचा कोंडा, एका टोकाला कोंब आणि बाकी सगळा भ्रूणपोष. तांदूळ पांढराशुभ्र होईपर्यंत सडला की कोंडा आणि कोंब दोन्ही जातात. याचा परिणाम 1890 च्या दशकात जावामध्ये डच डॉक्टर ख्रिस्तियान आइकमान यांना कोंबड्यांमध्ये दिसला. नुसत्या सडलेल्या तांदळावर त्यांना बेरीबेरीसारखा मज्जातंतूंचा विकार झाला आणि कोंडा असलेल्या तांदळावर त्या सुधारल्या. या कामासाठी आइकमान यांना 1929 चं नोबेल पारितोषिक वाटून मिळालं. कोंड्यात होतं ते जीवनसत्त्व बी-1. दाण्याचा कुठला भाग आपण खातो याला एवढं महत्त्व आहे.

मसाल्यांत जिरं, धणे आणि बडीशेप यांना आपण बी म्हणतो, ती फळं आहेत. मिरी हेही फळ. दालचिनी ही खोडाची आतली साल. जायफळ नावाने फळ असलं तरी ती बी आहे, आणि जायपत्री हे त्या बीभोवतीचं लाल जाळीदार वेष्टण.

एक गोष्ट मुलीला नक्की सांगा. एखाद्या झाडाचा एक भाग खाण्याजोगा असला म्हणजे सगळं झाड खाण्याजोगं होत नाही. बटाट्याच्या झाडाला टोमॅटोसारखी छोटी हिरवी फळं येतात, ती विषारी असतात. रुबार्बचा देठ खातात, पण पानात ऑक्झॅलिक आम्ल इतकं असतं की ते खाल्ल्याने माणूस गंभीर आजारी पडतो. कच्च्या सुरणाने घसा खाजतो तो त्यातल्या सुईसारख्या कॅल्शियम ऑक्झलेटच्या स्फटिकांमुळे. ओळखायला बघायचं, कापायचं, चोळून वास घ्यायचा. अनोळखी झाडाचा भाग जिभेला लावायचा नाही.

तक्ता परत करायचा असेल तर नावापुढे एक रकाना वाढवा, "कशावरून". बटाटा: खोड, कारण डोळे. आलं: खोड, कारण कड्या. कांदा: चकतीवरची मांसल पानं. रताळं: मूळ, कारण पानाची खूण कुठेच नाही. टोमॅटो: फळ, कारण आत बिया आणि डोक्यावर निदलं. आणि तक्ता देण्याआधी बटाटा आणि रताळं दोन्ही आठ-दहा दिवस खिडकीजवळ ठेवा, खाण्यासाठी नाही, नुसते बघण्यासाठी. बटाट्याचा कोंब डोळ्यातूनच येईल. रताळ्याचा कुठून येईल हे मुलीला आधी कागदावर लिहून ठेवायला सांगा.